झुला कुठून सोडणार?

ऑफिस इमारतीची पहिली रेखाटनं टेबलावर येतात तेव्हा लिफ्ट किती, पार्किंग किती, एफएसआय कुठे खर्ची पडतोय यावर तासन्‌तास खल होतो. बाहेरची काच कोण पुसणार आणि तो माणूस कुठून उतरणार, हे कुणी विचारत नाही. तो प्रश्न निघतो ताबा द्यायला दोनेक महिने उरलेले असताना, काचांवरची फिल्म काढून पहिली धुलाई करायची वेळ येते तेव्हा. तोवर गच्चीवर चिलर बसलेले असतात, कठड्याला ग्रॅनाइटची टोपी चढलेली असते आणि वॉटरप्रूफिंगवाल्याची गॅरंटी सुरू झालेली असते. मग सफाईचा कंत्राटदार गच्चीवर एक चक्कर मारतो आणि जमेल तिथे दोर बांधतो. कधी पाण्याच्या टाकीच्या खांबाला, कधी लिफ्टच्या मशीन रूमला वेढा घालून, आणि अगदीच काही नाही मिळालं तर पाइपाला. त्या दिवशीची सोय हीच पुढे त्या इमारतीची पद्धत होऊन बसते.

नंतर मशीन विकत घेऊन हे निस्तरता येईल असं मालकाला वाटतं. तसं होत नाही. झुल्याचा, म्हणजे माणसं उभी राहून काम करतात त्या टांगत्या पाळण्याचा, भार स्लॅबवर येतो, त्याला गच्चीच्या कडेने मोकळी जागा लागते, आणि तो जिथून खाली जातो तिथे इमारतीच्या अंगावर आडवं काही असून चालत नाही. म्हणजे आरसीसी, गच्ची आणि फसाड या तिन्ही ड्रॉइंगांत हा विषय हवा, आणि नेमकी हीच ड्रॉइंग लवकर पक्की होतात. ब्रिटनमध्ये २०१५ च्या बांधकाम नियमांनुसार इमारत पुढे साफ करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या माणसांच्या धोक्याचा विचार करणं ही डिझायनरची कायदेशीर जबाबदारी आहे. आपल्याकडे राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत मालमत्ता आणि सुविधा व्यवस्थापनाला स्वतंत्र बारावा भाग मिळाला आहे. पण आर्किटेक्टच्या पहिल्या बैठकीत तो कुणी उघडल्याचं क्वचितच दिसतं.

पुढचं सगळं दहा ते वीस मजल्यांच्या, काच आणि एसीपी लावलेल्या, ठाणे-ऐरोली-बाणेर-खराडीकडे दिसतात तशा ऑफिस इमारती डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

आधी कामांची यादी, मशीन नंतर

बहुतेक जण सुरुवात करतात ती कॅटलॉगपासून. ती चूक टाळा. एका कागदावर लिहून काढा की पुढच्या तीस वर्षांत या इमारतीच्या बाहेरच्या अंगाला कोणकोणत्या कामासाठी हात लावावा लागेल. काच धुणं हे त्यातलं सगळ्यांत सोपं काम. आपल्याकडे ऑक्टोबरपासून मेपर्यंत धूळ बसते आणि मग चार महिने पाऊस, त्यामुळे पावसाळ्यापूर्वी एक आणि पावसाळ्यानंतर एक अशा दोन धुलाया तरी धराव्याच लागतात. शेजारी मेट्रोचं किंवा दुसऱ्या टॉवरचं काम चालू असेल तर आणखी. आपोआप स्वच्छ होणारी काच म्हणून जी विकली जाते तिला ऊन आणि पाऊस दोन्ही लागतात. आपल्याकडे आठ महिने पाऊसच नसतो, तेव्हा तिच्या भरवशावर यादीतून धुलाई खोडू नका.

त्यापुढची कामं जड आहेत. सांध्यातलं सिलिकॉन तडकतं, ते खरवडून नव्याने भरायचं असतं. एसीपीचा पत्रा सुटतो. फसाडच्या दिव्यांचे ड्रायव्हर जळतात. भाडेकरू बदलला की त्याच्या नावाची अक्षरं उतरवून दुसरी चढवायची असतात. कबुतरांच्या जाळ्या फाटतात. पावसाच्या पाइपाच्या मागे, कुणाची नजर जात नाही अशा फटीत पिंपळ उगवतो. पहिल्या वर्षी तो नुसता चिमटीने उपटता येतो, तिसऱ्या वर्षी त्याचं मूळ प्लास्टर फोडून आत शिरलेलं असतं आणि छिन्नी-हातोडा घेऊन तिथे माणूस उभा करावा लागतो. मुंबईत इमारतीला ३० वर्षं झाली की महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब नुसार संरचनात्मक परीक्षण करून घ्यावं लागतं, आणि परीक्षण करणाऱ्यालाही बाहेरचे खांब-बीम जवळून पाहावे लागतात.

यादीतली सगळ्यांत अवघड ओळ म्हणजे काच बदलणं. टफन्ड काच कधीकधी काहीही न आदळता फुटते. तिच्यात अडकलेला निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण त्याला कारण असतो. हीट सोक चाचणीने ही शक्यता कमी होते, शून्य होत नाही. आता हिशेब करा. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. ६ मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये हवेची पोकळी अशी दुहेरी काच घेतली तर चौरस मीटरला ३० किलो झाले. दीड मीटर रुंद, तीन मीटर उंच तावदान साडेचार चौरस मीटरचं, म्हणजे १३५ किलोचं. दोन माणसं झुल्यात उभी राहून हे हातांवर तोलू शकत नाहीत. तीन मीटरचं तावदान सर्व्हिस लिफ्टमध्ये उभं मावेल का, आडवं जाईल का, लिफ्टमधून निघाल्यावर पॅसेजच्या वळणावर वळेल का, हे प्लॅनवर पट्टी ठेवून बघा. नाहीच जमलं तर उत्तर दोनपैकी एक: तावदान लहान करा, नाहीतर काच बाहेरून उचलण्याची सोय गच्चीवर ठेवा. काचेचा मॉड्यूल अजून पेन्सिलीत असतो तेव्हा हा निर्णय फुकटात होतो.

प्रत्येक पृष्ठभागाला उत्तर हवं

यादी झाली की चारही बाजूंची एलिव्हेशन घ्या आणि रंगीत पेन्सिली. जमिनीवरून हात पोचेल तो भाग एका रंगात, आतून खिडकी उघडून होईल तो दुसऱ्या, वरून टांगून होईल तो तिसऱ्या. जे पांढरं उरेल तिथेच खरी अडचण आहे. माझ्या अनुभवात पांढरे डाग ठरलेल्या जागी उरतात: इमारत वर जाताना मागे सरकते तिथल्या मधल्या गच्चीच्या वरची भिंत, पुढे काढलेल्या मजल्याचं पोट, पोर्चच्या वरची काच, दोन विंगांमधली अरुंद डक्ट, मोठ्या नामफलकाची पाठ, आणि एट्रियमच्या डोक्यावरचं काचेचं छप्पर. छपराचं सांगायचं तर त्याच्यावर पाय ठेवून चालता येईल असं गृहीत धरून कुणीतरी कधीतरी पाय ठेवतोच. त्यामुळे कडेने चालायची पट्टी आणि हार्नेस अडकवायची तार ही छपराच्याच ड्रॉइंगवर दाखवा.

उभ्या फिन्सबद्दल थोडं अधिक बोलायला हवं, कारण हल्ली त्यांची हौस फार आहे. दोन फूट बाहेर आलेल्या फिन्स उन्हाला अडवतात, दिसायलाही बऱ्या दिसतात. पण झुला त्यांच्या बाहेरून खाली येतो, आणि झुल्यातल्या माणसाला दोन फूट हात लांबवून काचेवर वायपर मारावा लागतो. हात पोचतो, पण जोर लागत नाही. मग तो कठड्यावर पोट टेकवून बाहेर वाकतो. फिन्स हव्याच असतील तर दोन फिन्समधलं अंतर लहान झुला किंवा दोरावरचा माणूस आत शिरेल एवढं ठेवा. किंवा आडव्या सन-शेडचा पर्याय बघा. त्या शेडवर जाळीची पट्टी टाकून तिचाच चालण्याचा मार्ग केला, मजल्यावरून तिथे जायला एक कुलूपबंद दार दिलं आणि कमरेच्या वर तार ओढली, तर त्या बाजूला मशीनच लागत नाही. काच सावलीत राहते आणि सफाईवाला पायांवर उभा राहून काम करतो. महाराष्ट्रातल्या उन्हात मला हा पर्याय काचेच्या सपाट पडद्यापेक्षा केव्हाही शहाणपणाचा वाटतो. दर्शनी भागाची चित्रं विकणाऱ्यांना तो आवडत नाही, ही गोष्ट वेगळी.

एसीच्या बाहेरच्या युनिटचा प्रश्नही याच कागदावर सोडवा. ज्या इमारतींत मध्यवर्ती एसी नाही, मजले गाळ्यांत विकायचे आहेत, तिथे प्रत्येक गाळेधारक आपलं युनिट टांगणारच. जागा दिली नाही तर छज्ज्यावर टांगणार. मग गॅस भरायला आलेला मेकॅनिक खिडकीतून पाय बाहेर काढतो, एका हाताने ग्रील धरतो, दुसऱ्या हाताने पाना फिरवतो, आणि त्याच्या पायाखाली नऊ इंचांचा छज्जा असतो. हे दृश्य आपण इतक्या वेळा पाहिलंय की त्यात काही खटकेनासं झालंय. प्रत्येक गाळ्यामागे एक मीटर खोलीची, कठडा असलेली, आतून दार असलेली सर्व्हिस बाल्कनी दिली की हा प्रकार बंद होतो. ती एफएसआयमध्ये मोजली जाते का, हे स्थानिक नियमावलीत आधीच बघून घ्या. गाळे विकले गेल्यावर कुणी बाल्कनी जोडून देत नाही.

कुठली साधनं?

चार-पाच मजल्यांपर्यंत फार डोकं खाजवायची गरज नाही. शुद्ध पाण्याच्या लांब काठ्यांनी खाली उभं राहून काच धुता येते, आणि बाकीच्या कामांना बूम लिफ्ट भाड्याने मिळते. मात्र बूम लिफ्टला उभं राहायला सपाट, पक्की जागा लागते. इथे एक आयता फायदा घेता येतो. उंच इमारतीभोवती अग्निशमन गाडीसाठी संहिता ४५ टनांपर्यंतचा भार पेलणारा रस्ता मागते. तोच रस्ता बूम लिफ्टच्या उपयोगी पडतो. फक्त आरसीसी कन्सल्टंटला बूमच्या चाकाखालचा भार वेगळा तपासायला सांगा, कारण तो थोड्या जागेत एकवटतो, आणि खाली बेसमेंट असेल तर त्याला महत्त्व आहे. शिवाय लँडस्केपवाल्याला सांगून ठेवा की या पट्ट्यात कारंजं आणि ताडाची झाडं नकोत. ती येतातच.

त्याच्या वर गेलात की तीन रस्ते उरतात: दोरावरून उतरणारी माणसं, गच्चीवर ठरावीक जागी बसवलेल्या डॅविटवरून, म्हणजे कठड्याबाहेर येणाऱ्या लोखंडी हातांवरून, सोडलेला झुला, किंवा रुळावर फिरणारं कायमचं मशीन, ज्याला सगळे बीएमयू म्हणतात.

दोराचं काम स्वस्त दिसतं आणि नीट केलं तर सुरक्षितही आहे. नीट म्हणजे काय, तर आयराटासारख्या संस्थांच्या पद्धतीत प्रत्येक माणसाला दोन दोर असतात: एक कामाचा, एक वाचवणारा, आणि दोन्ही वेगवेगळ्या अँकरला. अँकर किमान १५ किलोन्यूटनचा, म्हणजे साधारण दीड टन ओढ सहन करणारा हवा. अमेरिकेच्या नियमांत दर माणशी ५,००० पौंड, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास क्षमता मागितली आहे. तिथे २०१६ च्या नियमांनी मालकावर लेखी जबाबदारी टाकली: अँकर तपासलेले आणि प्रमाणित आहेत हे कंत्राटदाराला कागदावर द्यायचं, दरवर्षी तपासणी, दर दहा वर्षांनी पुन्हा प्रमाणपत्र. शिवाय ३०० फुटांच्या, म्हणजे ९१ मीटरच्या वर दुसरा मार्ग शक्य असेल तर दोरावरून उतरायचं नाही. आपल्याकडे हे नियम लागू नाहीत, पण मर्यादा कुठे आखावी याला ते चांगला आधार आहेत. मी तरी २० मजल्यांच्या वर निव्वळ दोरावर विसंबू नका असंच सांगेन. आणि काच बदलण्याचं काम दोरावरच्या माणसांकडून होईल अशा भ्रमात तर मुळीच राहू नका.

दहा ते वीस मजल्यांच्या सरळ चौकोनी इमारतीला बहुतेक वेळा डॅविट पुरतात. बीएमयू घ्यावं ते आकार वेडावाकडा असेल, गच्ची मागे सरकलेली असेल, किंवा काच उचलण्याची सोय गच्चीवरच हवी असेल तर. घ्यायचं ठरलं तर दोन गोष्टी आधी. एक, लहान मशीनही काही टनांचं असतं, रूळ आणि त्याखालचे बीम त्याच हिशेबाने. दुसरी, मुंबईत विमानतळाच्या आसपास, म्हणजे कुर्ला, अंधेरी, पार्ले, बीकेसी या पट्ट्यात उंचीचं जे ना-हरकत पत्र मिळतं त्यात टाकी, मशीन रूम, अँटेना, वीजवाहक असं सगळं मिळून शेवटचं टोक मोजतात. बिल्डर शेवटच्या फुटापर्यंत मजले चढवतो आणि मग गच्चीवर उभं राहायला मशीनला उंचीच उरत नाही. वर उचललेल्या हातासकट मशीनची उंची पहिल्याच दिवशी त्या आकड्यातून वजा करा.

गच्चीचा हिशेब

सगळा घोळ होतो तो इथे, तेव्हा जरा थांबू.

कायमची सोय नसेल तर इमारतीवर भाड्याचा झुला येतो. बाजारात तो झेडएलपी ६३० या नावाने ओळखला जातो. ६३० हा त्याचा किलोतला भार. गच्चीवर दोन लोखंडी बीम, त्यांची पुढची टोकं कठड्याबाहेर, मागच्या टोकांवर पंचवीस-पंचवीस किलोचे ठोकळे. समजा एका दोरावर माणसं, सामान, झुला धरून ५०० किलो येतात. बीम दीड मीटर बाहेर आहे आणि पुढच्या पायापासून मागचं वजन साडेचार मीटरवर. उलटवणारा जोर ५०० गुणिले दीड, म्हणजे ७५०. तिपटीची सुरक्षितता धरली तर २,२५०. त्याला साडेचारने भागलं की मागे ५०० किलो हवेत. दोन बीमचे मिळून एक टन, म्हणजे ४० ठोकळे. झुला लटकत असताना पुढच्या एकेका पायावर साधारण ६७० किलो उतरतात, बीमचं स्वतःचं वजन वेगळंच.

आता हे आकडे गच्चीवर नेऊन बघा. ४० ठोकळे लिफ्टमधून शेवटच्या मजल्यापर्यंत येतात, पुढे मम्टीचा जिना. तो अरुंद असेल, दाराला फूटभर उंच उंबरा असेल, तर ते दर खेपेला खांद्यावरून चढतात आणि दर खेपेला कुणाला तरी वाटतं की पाच-सहा कमी नेले तरी चालतील. कागदावरची तिपटीची सुरक्षितता ही अशी जिन्यातच कमी होते. म्हणून सर्व्हिस लिफ्ट गच्चीच्या पातळीपर्यंत न्या. लिफ्टवाला थोडे जास्त पैसे मागेल, द्या. तेही शक्य नसेल तर ठोकळ्यांना गच्चीवरच एक बंद खोली ठेवा.

पुढचा पाय कुठे टेकतो हेही बघा. ब्रिकबॅट कोब्यावर टेकला तर कोबा तडकतो आणि पहिल्या पावसात वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचं फॉल्स सीलिंग ओलं होतं. पुढे काढलेल्या कॅन्टिलिव्हर स्लॅबवर टेकला तर त्या स्लॅबने हा भार धरलाय का, हे आरसीसी कन्सल्टंटलाच माहीत. त्याला सुरुवातीलाच एक कागद द्या: गच्चीच्या कडेने इतक्या रुंदीचा पट्टा, त्यावर कुठेही इतका एकवटलेला भार, आणि तो बाहेरच्या बाजूला ओढणारा. त्याच्या दृष्टीने हे चार सळ्यांचं काम आहे. नंतर विचारलं की तोच माणूस हात वर करतो, आणि बरोबरच करतो.

डॅविटचे पाय किंवा दोराचे अँकर लावायचे असतील तर इन्सर्ट प्लेट स्लॅब भरतानाच टाका, सळ्यांना बांधून. नंतर भोक पाडून केमिकल अँकर बसवता येतो, तसे लोक बसवतातही. पण तोवर कोबा झालेला असतो, भोक वॉटरप्रूफिंगमधून जातं, गॅरंटी देणारा लगेच हात झटकतो. आधीच बसवलेल्या पायाभोवती वॉटरप्रूफिंगवाला व्यवस्थित वाटा मारून घेतो. समुद्राजवळच्या इमारतीत अँकर ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. ३०४ दिसायला तसंच असतं, पण खाऱ्या हवेत त्यावर लवकर डाग पडतात, आणि ज्याच्यावर माणूस लटकणार त्याच्यावर गंज आहे की नुसता डाग, हे ठरवत बसायची वेळ येऊ नये.

कठड्याची उंची हा आर्किटेक्टशी हमखास वादाचा मुद्दा. चिलर आणि डक्ट रस्त्यावरून दिसू नयेत म्हणून कठडा सात-आठ फूट चढवला जातो. त्याच्यावरून भाड्याच्या झुल्याचा बीम जात नाही, आणि दोरावरच्या माणसाला पलीकडे उतरायला शिडी लागते. कठडा कडेला कमरेएवढाच ठेवा आणि चिलर लपवायचा पडदा दोन मीटर आत घ्या. मधली पट्टी झुल्यासाठी मोकळी राहते. या पट्टीवर नंतर सोलर पॅनेलवाला, मोबाइल टॉवरवाला आणि केबलवाला असे तिघंही डोळा ठेवून असतात, तेव्हा ती एमईपीच्या ड्रॉइंगवर रेषा मारून ‘राखीव’ म्हणून लिहा. आणि त्याच पट्टीलगत दर ३० मीटरवर एक नळ आणि थ्री फेज सॉकेट. झुल्याची मोटर थ्री फेजवर चालते. सॉकेट नसलं की लिफ्टच्या पॅनेलमधून उघडी वायर ओढली जाते.

इमारतीच्या अंगावर

उंच गेलं की झुला वाऱ्याने हलतो आणि काचेवर आपटतो. म्हणून फसाडमध्ये ठरावीक अंतरावर त्याला बांधून ठेवायच्या खुंट्या लागतात. अमेरिकी नियमांत असं बांधण्याचं उभं अंतर तीन मजले किंवा सुमारे १५ मीटर, यांतलं जे कमी ते धरतात. या खुंट्या मुलियनच्या आत, स्लॅबला जोडलेल्या ब्रॅकेटवर बसतात. मुलियनच्या पातळ ॲल्युमिनियमला नुसता स्क्रू मारून भागत नाही. फॅब्रिकेटरच्या शॉप ड्रॉइंगला मंजुरी देण्यापूर्वी त्या दाखवल्यात का, एवढं बघा. वारा किती झाला की काम थांबवायचं याचा आकडा मशीनबरोबरच्या पुस्तिकेत असतो; गच्चीवर वेगमापक बसवला की त्या आकड्याला काही अर्थ राहतो.

खालची बाजूही विसरू नका. झुला ज्या रेषेत उतरतो तिथे मुख्य दार असेल तर दर धुलाईला दार बंद ठेवावं लागेल किंवा लोक ओल्या फडक्यांखालून जातील. दारावर मजबूत छत द्या, नाहीतर उतरण्याची रेषा बाजूला घ्या.

पैसे, करार आणि कात्री

टेंडरच्या वेळी खर्च कापायची बैठक होते. पहिली कात्री याच बाबीला लागते, कारण ती काढली तरी इमारतीच्या फोटोत काहीही कमी दिसत नाही. यावर उपाय म्हणजे बीओक्यूमध्ये ही बाब ‘फसाड सफाई यंत्रणा’ अशी एकगठ्ठा न लिहिता विखरून लिहा. इन्सर्ट प्लेट आरसीसीत, खुंट्या फसाडमध्ये, सॉकेट इलेक्ट्रिकलमध्ये, नळ प्लंबिंगमध्ये. मशीन उद्या कापलं गेलं तरी हाडं इमारतीत राहतात आणि पाच वर्षांनी डॅविट आणून बसवता येतात.

मजले वेगवेगळ्या मालकांना विकायचे असतील तर आणखी एक सापळा आहे. वरच्या ऑफिसला जोडून गच्चीचा तुकडा विकला जातो, आणि मग त्या तुकड्यावरून खालच्या सगळ्यांचा झुला सोडायचा असतो. मालक कुलूप उघडत नाही, सोसायटी पत्रं पाठवत राहते. गच्चीची कड आणि तिथे जाण्याचा रस्ता सामाईक राहील, पूर्वसूचना देऊन देखभालीसाठी वापरता येईल, हे वाक्य विक्रीकराराच्या मसुद्यातच घालून घ्या. भाडेकरूच्या करारातही लिहा की फसाडवर नामफलक लावण्यापूर्वी झुल्याची रेषा बघून परवानगी घ्यावी लागेल.

अडकला तर?

१२ नोव्हेंबर २०१४ ला न्यूयॉर्कच्या वन वर्ल्ड ट्रेड सेंटरवर, इमारत उघडून आठवडा-दीड आठवडा झाला असताना, काच धुणाऱ्या दोन कामगारांचा झुला एका बाजूची तार सैल पडून जवळजवळ उभा झाला. साधारण ६८-६९ व्या मजल्याच्या उंचीवर ते लटकत होते. अग्निशमन दलाच्या जवानांनी आतून काच कापून त्यांना आत घेतलं. इतक्या खर्चिक इमारतीत, इतक्या सज्ज शहरात वेळ येते ती अशी. आपल्या इमारतीसाठी हा प्रश्न आधीच विचारा: झुला मध्येच अडकला तर माणूस कुठून आत येणार? प्रत्येक उतरण्याच्या रेषेत दर काही मजल्यांवर एक उघडणारं तावदान ठेवता येतं. त्या तावदानामागे भाडेकरूने कपाट उभं करू नये म्हणून मजल्याच्या प्लॅनवर खूण करा. दोरावर बेशुद्ध होऊन लटकणाऱ्या माणसाकडे फार थोडी मिनिटं असतात, त्यामुळे सुटकेचं सामान आणि ते वापरता येणारा माणूस गच्चीवर हवा. बंबाची वाट बघणं ही योजना होऊ शकत नाही.

ताबा घेण्यापूर्वी

शेवटची पायरी खर्चाची नाही, हट्टाची आहे. ताबा घेण्यापूर्वी प्रत्येक रेषेवरून झुला किंवा दोर एकदा खरोखर खाली सोडून बघा. त्या वेळी फॅब्रिकेटर, आरसीसी कन्सल्टंट आणि पुढे इमारत सांभाळणारा फॅसिलिटी मॅनेजर तिघंही हजर हवेत. झुला कुठे घासतो, कुठल्या दिव्याला अडतो, नळाला वर किती दाब आहे, ठोकळे आणायला किती माणसं लागली, सगळं लिहून घ्या. रिकाम्या झुल्याची चाचणी मान्य करू नका. पूर्ण भार टाकायला लावा. प्रत्येक अँकरला क्रमांक, तपासणीची तारीख आणि क्षमता लिहिलेली पट्टी, आणि त्याच क्रमांकांची एक वही. गच्चीच्या दाराच्या आतल्या बाजूला अँकरचा नकाशा लॅमिनेट करून लावा, कारण ‘ॲज बिल्ट’ ड्रॉइंगची पेटी कुठे गेली हे दोन वर्षांनी कुणालाच आठवत नाही. फॅब्रिकेटरचं शेवटचं बिल या चाचणीच्या अहवालावर सही झाल्यावरच मंजूर करायचं, हे मात्र वर्क ऑर्डरमध्ये आधीच लिहिलेलं हवं. नाहीतर चाचणीच्या दिवशी तो येणारच नाही.